मदत हवी आहे : लिथियम, सोलापूरचा उन्हाळा आणि समुपदेशन

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार (मन कधी अति उत्साही, तर कधी अति उदास होण्याचा) असून मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम सुरू केले आहे. या औषधाच्या उपयुक्त आणि घातक पातळीत अंतर फार थोडे असते, आणि घामावाटे पाणी व मीठ कमी झाले की रक्तातील पातळी वाढू शकते. तो तर सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणतो, जिथे एप्रिलमधल्या दुपारी सदरा अक्षरशः पिळावा लागतो. रक्ताच्या, थायरॉइडच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या वेळेवर होतात. ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांनी उन्हाळ्यात पाणी, मीठ व कामाची पाळी कशी सांभाळली, हे कृपया सांगावे. डॉक्टरांना विचारूनच बदल करू. शिवाय, कुटुंबालाही सोबत बसवून मराठीत किंवा तेलुगूत समुपदेशन करणारे मानसशास्त्रज्ञ शहरात कोणाला माहीत आहेत का? आमची आई तेलुगूतच मोकळेपणाने बोलते.