मदत हवी आहे: मुलीसाठी आइस हॉकीचे स्केट्स आणि संरक्षक साहित्य रत्नागिरीत बसून कसे निवडावे?

नमस्कार.

माझी मुलगी तेरा वर्षांची असून रत्नागिरीत इनलाइन (एका रांगेत चाके असलेल्या) स्केट्सवर रोलर हॉकी खेळते. २०२५ मध्ये अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात भारताच्या महिला संघाने कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून तिच्या मनाने बर्फावरची हॉकी घेतली आहे, आणि येत्या जानेवारीत लेह येथील एका प्रशिक्षण शिबिरात तिला प्रवेशही मिळाला आहे. शिबिरात साहित्य उसने मिळते, परंतु मुलींच्या मापाचे जोड थोडेच असल्याने निदान स्केट्स, हेल्मेट आणि मानेचे संरक्षण स्वतःचे आणावे, असे तेथील प्रशिक्षकांनी कळवले आहे.

अडचण अशी की, आमच्याकडच्या खेळाच्या दुकानांत क्रिकेट, कॅरम आणि फार तर चाकांचे स्केट्स मिळतात. आइस हॉकीचा बूट पायात घालून पाहण्याची सोय नाही, त्यामुळे माप कळवून तो बाहेरून मागवावा लागेल, आणि माप चुकले तर परत पाठवण्याचा खर्च परवडणारा नाही. म्हणून पुढील बाबतींत अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिली आणि सर्वांत मोठी शंका मापाची आहे. तिचे शाळेचे बूट आम्ही नेहमी अंगठाभर मोठे घेतो, म्हणजे दोन वर्षे चालतात. स्केट्स महाग असल्याने येथेही तसेच करावे असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. मुलगी मात्र इनलाइनच्या अनुभवावरून सैल बुटात घोटा वळतो असे सांगते. तिचा पाऊल पुढे रुंद आणि टाचेकडे निमुळता आहे, तसेच पायाचा वरचा भाग बराच उंच आहे. अशा पायासाठी केवळ लांबी सांगून भागेल का?

दुसरी शंका वापरलेल्या साहित्याविषयी. मुंबईच्या एका ओळखीच्या कुटुंबाकडे स्केट्स, हेल्मेट आणि शिन गार्ड (नडगीचे संरक्षण) आहेत व ते कमी किमतीत देण्यास तयार आहेत. यातील काय घ्यावे आणि काय घेऊ नये? तिच्या चुलत भावाचे जाळीचे क्रिकेट हेल्मेट घरात आहे, ते चालेल का, हेही सांगावे.

शेवटची शंका आमच्या हवेची आहे. आमचे घर खाडीलगत आहे. येथे खिडकीचे गज आणि सायकलची साखळी एका पावसाळ्यात गंजते, कपाटातल्या चामड्याला बुरशी धरते. शिबिरानंतर ब्लेड आणि बूट वर्षभर कसे जपावेत?

प्रतिसाद

ताई, आपल्या लेकीचे मनापासून अभिनंदन. मी काही हिवाळे लेहच्या बर्फावर खेळलो आहे आणि नवख्या मुलांना साहित्य बसवून देण्याचे कामही केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

स्केट्सच्या बाबतीत आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते समजावून सांगावेच लागेल. बर्फावर खेळाडूचा सगळा भार काही मिलिमीटर जाडीच्या पात्यावर असतो, त्यामुळे टाच बुटात जरा जरी उचलली गेली तरी घोटा आत किंवा बाहेर कलंडतो, आणि तो सावरण्यासाठी मूल लेस इतकी आवळते की पायाच्या वरच्या बाजूला वळ उठतात. आइस हॉकीचा बूट साधारणपणे नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड क्रमांक लहान लागतो. वाढत्या वयासाठी फार तर अर्धा क्रमांक, म्हणजे सुमारे चार मिलिमीटर, सूट ठेवता येते. त्याहून अधिक ठेवल्यास शिबिराचे दिवस स्केटिंग शिकण्यापेक्षा घोटा सांभाळण्यातच जातील.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर सरळ उभे करावे, दोन्ही पायांची लांबी आणि पंजाची सर्वांत रुंद जागा मिलिमीटरमध्ये नोंदवावी आणि मोठ्या पायाचे माप धरावे. केवळ लांबी पुरत नाही, हे आपण नेमके ओळखले आहे. बाउअर कंपनी आपले बूट फिट १, फिट २ आणि फिट ३ अशा तीन घडणींत देते, त्यात १ अरुंद व उथळ, तर ३ रुंद व खोल. सीसीएम या दुसऱ्या कंपनीकडे टेपर्ड (निमुळता), रेग्युलर आणि वाइड असे प्रकार आहेत. पंजा रुंद आणि पायाचा वरचा भाग उंच असेल तर बहुधा मधली किंवा रुंद घडण लागेल, परंतु टाच निमुळती असल्याने सर्वांत रुंद घडण डोळे झाकून मागवू नये.

बूट हाती आल्यावर ब्लेडवर आवरण चढवून घरातच पाहावे. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या टोकाला हलकीच लागावीत आणि गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे सरून टाच पक्की बसावी. मग लेस न बांधता जीभ पुढे ओढून, वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर आडवी पेन्सिल ठेवावी. पेन्सिल पायाला टेकून डगमगत असेल तर बूट उथळ आहे, आणि उंच पायाच्या मुलांत हीच चूक सर्वाधिक होते. लेस बांधल्यावर छिद्रांच्या दोन्ही रांगा वरपासून खालपर्यंत जवळपास समांतर दिसाव्यात. बूट गरम करून पायाला बसवण्याची प्रक्रिया दुकानातच करून घ्यावी. ते जमले नाही तर तसेच राहू द्यावे, वापराने बूट हळूहळू बसतो, परंतु बेकरीच्या भट्टीत तो प्रयोग मुळीच करू नये.

वापरलेले स्केट्स घेण्यास हरकत नाही. घोट्याजवळचा भाग दोन्ही हातांनी दाबून पाहावा, तो मऊ पडून सहज मुडपत असेल तर त्या बुटाचे आयुष्य संपले आहे. वारंवार धार लावून पोलाद किती उरले आहे, हेही पाहावे. शिन गार्ड जुने चालतील, त्यांचे माप गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून स्केटच्या वरच्या काठापर्यंत घ्यावे.

हेल्मेट मात्र नवेच घ्यावे. त्यावर एचईसीसी या हॉकीचे साहित्य प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राचा स्टिकर असतो आणि मुदतीची तारीखही छापलेली असते. शिवाय आधीचा आघात आतल्या फोमवर बाहेरून दिसत नाही. क्रिकेटचे हेल्मेट समोरून येणाऱ्या चेंडूसाठी बनवलेले असते, तर बर्फावर नवखे मूल बहुतेक वेळा मागे पडते आणि डोक्याची मागची बाजू आपटते, म्हणून ते चालणार नाही. डोक्याचा घेर भुवयांच्या वर बोटभर अंतरावर मोजावा, हेल्मेटची कडही तिथेच यावी, आणि पूर्ण चेहरा झाकणारी केज घ्यावी.

मानेच्या संरक्षणाबाबत प्रशिक्षकांनी सांगितले ते अक्षरशः पाळावे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेफील्ड येथील सामन्यात अॅडम जॉन्सन या खेळाडूचा स्केटचे पाते मानेला लागून मृत्यू झाला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या सर्व वयोगटांच्या स्पर्धांत हे संरक्षण सक्तीचे केले. साधे फोमचे नको, पाते रोखणाऱ्या कापडाचे घ्यावे.

धाग्याच्या लेखिकेचे उत्तर

आपले मनःपूर्वक आभार, दादा. पेन्सिलीची कसोटी आज तिच्या इनलाइन बुटावर करून पाहिली तेव्हा पेन्सिल स्पष्टपणे पायाला टेकली, त्यामुळे रुंदीइतकेच खोलीकडेही लक्ष देईन. हेल्मेट नवे घेण्याचे घरात ठरले आहे. आता धार आणि गंज यांविषयीही कृपया सांगावे. आमच्या बाजारात कोयत्या-विळ्यांना धार लावणारे उत्तम कारागीर आहेत, त्यांच्याकडून ब्लेडला धार लावून घेता येईल का?

प्रतिसाद

नको, ताई. स्केटच्या पात्याला कोयतीसारखी एकच धार नसते. पात्याच्या तळाशी लांबीभर उथळ पन्हळ असते आणि तिच्या दोन काठांवर खेळाडू वळतो व थांबतो. ही पन्हळ खास यंत्रावरच काढता येते. नवे स्केट्स बहुधा धार न लावताच येतात, त्यामुळे दुकानातून निघण्यापूर्वीच अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची पन्हळ काढून मागावी. लेहचा नैसर्गिक बर्फ जानेवारीत फार कडक असतो आणि हलक्या वजनाच्या मुलीला त्यात रुतणारी धार लागते, म्हणून त्याहून उथळ पन्हळ सुरुवातीला नको.

गंजासाठी, प्रत्येक सरावानंतर पाते आणि बुटाच्या तळाचे रिव्हेट कोरड्या फडक्याने पुसावेत. प्लास्टिकचे कडक आवरण फक्त चालण्यापुरते वापरावे, कारण त्यात पाणी साचते. ठेवताना टॉवेलच्या कापडाचे मऊ आवरण घालावे. रत्नागिरीला परतल्यावर पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा, बुटातील तळवा काढून वेगळा वाळवावा आणि बूट पंख्याखाली ठेवावेत. चुलीजवळ किंवा बंद गाडीत ठेवू नयेत, उष्णतेने आतला गोंद सुटतो. पावसाळ्यात मात्र ते कपाटात न कोंडता माळ्याखालच्या वाऱ्याच्या जागी टांगून ठेवावेत आणि अधूनमधून तेलाचा हात पुन्हा द्यावा.

मागवण्यापूर्वी पायाची मापे येथेच लिहावीत, घडण कोणती घ्यावी ते पाहून सांगतो.