आजीच्या व्यक्तिचित्रांसाठी लेन्स: दहा हजारांत ५० मिमी की ८५ मिमी?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार. माझ्याकडे कॅनन १५००डी आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आहे. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात आजी रोज दुपारी माजघराच्या खिडकीशी गहू निवडत बसते. तिची चांगली व्यक्तिचित्रे काढावीत अशी फार दिवसांची इच्छा आहे. परंतु ५५ मिमीवर ही लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे), आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता ३२०० पर्यंत न्यावी लागते आणि सुरकुत्यांचा बारकावा पुसला जातो. दहा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. ५० मिमी एफ/१.८ आता घ्यावी, की पैसे साठवून जुनी ८५ मिमी?

अजिंक्यतारा (सातारा)
लेन्सच्या आधी माजघर मोजावे, असे मी सुचवेन. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) लहान असल्यामुळे चौकट अरुंद होते आणि १.६ चा गुणक लागतो, म्हणून ५० मिमीची चौकट फुल फ्रेमवरच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरवरच्या, ८० मिमीएवढी येते आणि ८५ मिमीची थेट १३६ मिमीएवढी. कमरेपासून वरचे उभे चित्र घ्यायचे तर पहिलीला साधारण साडेसहा फूट अंतर पुरते, दुसरीला अकरा फूट लागतात. प्रकाशाचे म्हणाल, तर एफ/५.६ च्या जागी एफ/१.८ ठेवल्यावर जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे तेवढ्याच शटर वेगाला आयएसओ ४०० च्या आसपास उतरतो. आपली खरी अडचण हीच आहे. मात्र पाच फुटांवरून एफ/१.८ ला पुढे-मागे मिळून जेमतेम सहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. आजींनी मान किंचित वळवली तरी दुसरा डोळा धूसर होईल, म्हणून एफ/२.८ ठेवावे आणि फोकसचा एकच बिंदू जवळच्या डोळ्यावर धरावा.

हळदबाजार (सांगली)
घरासाठी वरील सल्ला पटतो, पण ८५ मिमी अशी बाद करू नये. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या वेळी हमालांचे चेहरे मी त्याच लेन्सने टिपतो, कारण दूर उभे राहिल्याने त्यांच्या कामात अडथळा येत नाही. जुनी घेणार असाल तर घाई नको. मी एकदा न तपासता घेतलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचे जाळे निघाले आणि दुरुस्तीचा खर्च परवडेना. दोन्ही झाकणे काढून, एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरपे पाहावे. आणखी एक, ५० मिमी मागवताना ‘ईएफ’ हीच अक्षरे पाहून घ्यावीत. ‘आरएफ’ लेन्स मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी असते, ती आपल्या कॅमेऱ्याला बसणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
दोघांचेही मनापासून आभार. माजघर नऊ फूट भरले, त्यामुळे ५० मिमी ईएफच घेतो. आज जुन्या लेन्सचा झूम ५० वर स्थिर ठेवून साडेसहा फुटांवरून पाहिले, तर आजी, तिचे सूप आणि खिडकीची चौकट एवढे सगळे नीट मावले. खिडकी पाठीशी असल्याने चेहरा अंधारात जात होता. पाट थोडा फिरवून तिला खिडकीकडे तिरपे बसवल्यावर उजेड दोन्ही डोळ्यांत आला.