ब्लड प्रोटीन जास्त आलंय आणि गाय सारखी उलटतेय (भरवूनही गाभण न राहता परत माजावर येतेय), पेंड बंद करू का?

गोठेवाला_नेवासा: एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाय आहे, तिसरं वेत, व्याली त्याला पाच महिने होत आले, दूध १८ लिटर. माज वेळेवर, २१-२२ दिवसांनी, पण भरवली की उलटतेच. शेवटी रक्त तपासलं तर टोटल प्रोटीन ८.६, अल्ब्युमिन २.६. शेजारचे म्हणतात प्रोटीन वाढलंय सरकी पेंड बंद कर, मेडिकलवाला म्हणतो लिव्हर टॉनिक आणि प्रोटीन पावडर ने. नक्की करू काय?

गुरांचा_डॉक्टर: दादा पेंड बंद करू नका आणि पावडरही आणू नका. नुसत्या टोटलवरून काही कळत नाही, फोड करा. ८.६ मधून २.६ गेले, उरलं ६, ते ग्लोब्युलिन. मोठ्या गायीत टोटल साधारण ६.७ ते ७.५, अल्ब्युमिन ३ ते ३.६ आणि ग्लोब्युलिन ३ ते ३.५ च्या आसपास, लॅबप्रमाणे थोडं इकडंतिकडं. ग्लोब्युलिन एवढं पेंडीने चढत नाही हो, अंगात कुठंतरी जुनी सूज किंवा इन्फेक्शन मुरलेलं असलं की चढतं आणि त्याच वेळी अल्ब्युमिन खाली येतं. पाणी कमी पडलं तरी टोटल वाढतं पण मग अल्ब्युमिनही वर जातं, तुमचं उलटं आहे. वार वेळेवर पडली होती का? सोट (माजात येणारा चिकट स्राव) कसा आहे?

गोठेवाला_नेवासा: वार हाताने काढावी लागली होती. सोट स्वच्छच वाटतो, मधेमधे पांढरे कण दिसतात.

गुरांचा_डॉक्टर: मग तिथंच घोडं अडलंय बहुतेक. पुढच्या माजाला भरवू नका, सोटाची व्हाइट साइड टेस्ट (गर्भाशयात सूज-इन्फेक्शन आहे का ते बघायची) करून घ्या, गर्भाशय तपासून मगच औषध. चारही सडांचं दूधपण तपासा, आतल्या आत दगडी (कासेची सूज, वरून न दिसणारी) असली तरी असाच रिपोर्ट येतो.

पाटपाणी_कोपरगाव: कॅनॉलकडेचा, गोगलगायींचा चारा असेल तर लिव्हर फ्लूकसाठी (गोगलगायींमार्फत येणारा लिव्हरमधला चपटा जंत) शेण तपासा. जबड्याखाली सूज यायची वाट बघू नका.

घासवाली_ताई: डॉक्टर म्हणतात ते बरोबर, पण पेंडीचा मुद्दा अगदीच खोटा नाही, फक्त तो टोटल प्रोटीनमध्ये दिसत नाही, युरियात दिसतो. लसूणघास आणि पेंड भरपूर, मका भरडा कमी, असं झालं की पोटात अमोनिया जास्त तयार होतो, लिव्हर त्याचा युरिया करतं आणि तो गर्भाशयापर्यंत पोचून तिथला सामू (पीएच) बिघडवतो, गर्भ धरत नाही. बीयूएन (रक्तातल्या युरियामधला नायट्रोजन) १९-२० च्या वर गेलं तर गाभण राहायचं प्रमाण घटतं. रिपोर्टवर बीयूएन लिहिलंय की युरिया ते नीट बघा, बीयूएन २० म्हणजे युरिया ४३, लोक इथंच गोंधळतात.

गोठेवाला_नेवासा: युरिया केलाच नाही. घास तर सकाळ-संध्याकाळ असतोच, भरडा नावाला. म्हणजे दोन्ही असू शकतं का?

गुरांचा_डॉक्टर: असू शकतं. आधी गर्भाशय बघा. घास थोडा कमी करून मुरघास आणि भरडा वाढवा, पण हळूहळू, एकदम भरडा दिला तर पोट आंबेल आणि दुसरंच दुखणं मागं लागेल.