नव्या माउसचा पॉइंटर फार पळतो: कोणता वेग ठेवावा?

ब-२०४: नमस्कार मंडळी. नवा माउस लावल्यापासून पॉइंटर अजिबात आवरत नाही. स्प्रेडशीटमध्ये दोन रकान्यांमधली रेषा पकडून ओढायला गेले की ती हमखास निसटते. माउस ३२०० डीपीआयवर आहे. हा आकडा किती ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अ-५०१: काका, आकडा बदलण्याआधी एकदा पट्टीने मोजून घ्या, म्हणजे अंदाजाने चाचपडावे लागणार नाही. माउस एक इंच सरकला की तो संगणकाला किती काउंट, म्हणजे हालचालीचे बारीक टप्पे, कळवतो, ते डीपीआय सांगतो. विंडोजमध्ये पॉइंटरचा वेग मधल्या, म्हणजे मूळच्या खुणेवर असेल आणि 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' (म्हणजे वेगवर्धन: हात जोरात हलला की पॉइंटर आणखी पळवणारी सोय) बंद असेल, तर एका काउंटला पॉइंटर एक पिक्सेल सरकतो. त्यामुळे १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ओलांडायला ८०० डीपीआयला सुमारे सहा सेंटिमीटर लागतात, तर ३२०० ला जेमतेम दीड. तुमची रेषा पकडण्याची जागा आठ पिक्सेलची धरली, तर ८०० ला हाताला पाव मिलिमीटर तरी मिळतो. ३२०० ला त्याचाही चौथा हिस्साच उरतो. इतक्या बारीक जागेत कोणाचाही हात स्थिर राहणे कठीणच.

ब-२०४: जुना माउस अजून जपून ठेवला आहे. नवा अगदी त्याच्यासारखा चालवता येईल का?

अ-५०१: नक्की येईल. जुना माउस लावून पॉइंटर डाव्या कडेला नेऊन ठेवा, माउसशेजारी पट्टी आडवी धरा आणि माउस हळूहळू सरकवत पॉइंटर उजव्या कडेला टेकताक्षणी थांबून सेंटिमीटर लिहून घ्या. नंतर हेच झटक्यात करून पाहा. दोन्ही अंतरांत ठळक फरक पडला, तर वेगवर्धन चालू आहे असे समजावे, आणि ते बंद करून पुन्हा मोजावे. मग नव्या माउसचा डीपीआय असा ठेवा की अंतर तेवढेच येईल. विंडोजमधला पॉइंटरचा वेग मात्र मधल्या खुणेवरच असू द्या, कारण तो त्यापुढे नेला तर पॉइंटर मधले पिक्सेल गाळून उड्या मारू लागतो.

क-१०३: आमची मुलगी काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा संगणकी खेळ खेळते. मैत्रीण ४०० डीपीआय ठेवते, म्हणून हिलाही तेच हवे आहे.

अ-५०१: ताई, नुसत्या डीपीआयवरून तुलना होत नाही. त्या खेळात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे खेळातली माउसच्या वेगाची सेटिंग, १ असताना एका काउंटला ०.०२२ अंश वळण मिळते. त्यामुळे ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ असो, की ४०० आणि २, पूर्ण ३६० अंश वळायला माउस सुमारे ५२ सेंटिमीटरच सरकवावा लागतो. खेळ बदलला की डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटीचा हा गुणाकार उपयोगी पडत नाही, कारण प्रत्येक खेळाचे माप वेगळे असते. तेव्हा पूर्ण वळणाचे सेंटिमीटर जुळवावेत. माउसपॅडची रुंदीही पाहा. एका फटक्यात मागे वळायचे, तर ५२ च्या निम्मी, म्हणजे २६ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. तेवढी नसेल, तर माझ्या मते सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवणेच बरे.

ड-४०२: आमचा पडदा ३८४० पिक्सेल रुंद आहे. आम्हीही ८०० च ठेवावा का?

अ-५०१: ८०० ला तो ओलांडायला बारा सेंटिमीटर लागतील आणि माउस पुन्हा पुन्हा उचलून ठेवावा लागेल. तुम्ही १६०० पासून सुरुवात करा, अंतर पुन्हा सहावर येईल. मात्र इतक्या मोठ्या पडद्यावर अक्षरे आणि बटणे मोठी करून ठेवली नसतील, तर १२०० अधिक सोयीचा वाटेल.