दोरीवर वाळवलेले टॉवेल पुठ्ठ्यासारखे कडक होतात, काय करू?

ओलीचिंब:
मशीनमधून काढताना टॉवेल चांगले मऊ असतात आणि उन्हात दोरीवर वाळले की अक्षरशः पुठ्ठा, घडी घातली तर तशीच उभी राहते 😅 अंग पुसलं की खरखरतं. कंडिशनर वाढवून पाहिलं, टॉवेल मऊ झाले पण पाणीच टिपेनात. साबण बदलू का?

पिळदार:
साबण बदलू नकोस, कमी कर. माझाही आधी हाच घोळ होता. जास्त पावडर टाकली की ती खळबळताना पूर्ण निघत नाही, धाग्यात बसते आणि वाळली की कडक होते. पाणी जड असेल तर त्यातले क्षार पण तिथेच बसतात. नेहमीच्या निम्मी पावडर घाल आणि एकदा जास्तीचं खळबळ. कंडिशनरचं म्हणशील तर त्याचा धाग्यावर थर बसतो, मऊ लागतं ते त्यामुळेच आणि पाणी टिपत नाही तेही त्यामुळेच, टॉवेलला तरी मी ते लावतच नाही.

वाराखाऊ:
पावडरीचं बरोबर आहे पण सगळा दोष तिचा नाही, नुसत्या पाण्यात भिजवलेला सुती टॉवेल पण वाळला की थोडा कडक होतोच. २०२० मध्ये जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठ आणि काओ कंपनीच्या लोकांनी यावर काम केलं होतं. सुती धाग्यावर थोडंसं पाणी वाळल्यावरही चिकटून राहतं आणि ते धाग्याधाग्यांमध्ये गोंदासारखं काम करतं. ड्रायरमध्ये कपडे सतत आपटतात म्हणून हा गोंद धरायला वेळच मिळत नाही, दोरीवर वारा नसेल तर टॉवेल नुसता लटकून असतो, मग धरतो. म्हणून हलवणं महत्त्वाचं. वाळत घालायच्या आधी दोन टोकं धरून जोरात आठदहा वेळा झटक, स्पिनमध्ये दबलेले टॉवेलचे लूप उभे राहतात. अर्धवट वाळले की परत एकदा झटक. आणि वारं असेल तिथे दोरी बांध, कडक उन्हापेक्षा वारं बरं. पूर्ण वाळल्यावर दिवसभर उन्हात ठेवू नकोस (हे माझ्याच्याने कधी जमत नाही, संध्याकाळीच आठवतं).

पिळदार:
हो, आणि काढल्यावर दोन्ही हातात धरून कपडा कपड्यावर चोळला तरी बराच मोकळा होतो.

ओलीचिंब:
व्हिनेगर घालतात ना शेवटच्या पाण्यात? वास राहतो का?

पिळदार:
पांढरं, अर्धी वाटी पुरे. वाळलं की वास जातो. साबणाचा अंश आणि क्षार निघायला मदत होते. फक्त ब्लीच घातलेल्या धुण्यात चुकूनही नको, क्लोरीन वायू तयार होतो. आणि रोज नको, मशीनच्या रबराला चांगलं नसतं.

ओलीचिंब:
आज निम्मी पावडर आणि भरपूर झटकाझटकी केली, व्हिनेगर नाही घातलं. मोठा टॉवेल मऊ आलाय! हात पुसायचे छोटे मात्र अजून खरखरीत, ते फारच जुने आहेत, लूपच उरले नाहीत त्यांना. पायपुसणी करते त्यांची.