जपानचा इंजिनिअर व्हिसा: जॅपनीज सक्तीची हवी का?

नागोयाकर: तोकुतेई गिनोऽ, म्हणजे ठराविक कौशल्याच्या कामांच्या व्हिसावर शेतात, हॉटेलात राबायला येणाऱ्या पोरांना २०१९ पासून एन४ (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एक पातळी, एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड) किंवा त्या तोडीची परीक्षा पास व्हावी लागते. आणि आपण इंजिनिअर? डिग्री आणि ऑफर लेटर असलं की झालं, भाषेची सरसकट अट नाही. माझं स्पष्ट मत, आपल्यालाही निदान एन४ सक्तीची करा. आमच्याच टीममधलं सांगतो, स्पेक, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं त्याची यादी, नेहमीसारखं एक्सेलमधे, सगळं जपानीत, त्यात '१०० इजोऽ' होतं. इजोऽ म्हणजे १०० धरून वर. भाषांतरात ते '१०० पेक्षा जास्त' झालं, पोराने कोड तसाच लिहिला आणि बरोबर १०० नगांच्या ऑर्डरला डिस्काउंट लागेना. दोन दिवस गेले शोधण्यात!

मुक्ता_ठाणे: दादा, ती चूक भाषांतराची, व्हिसाची कशी? मी आले तेव्हा मला हिरागाना, म्हणजे जपानीची मुळाक्षरंसुद्धा येत नव्हती, इथे राहून नोकरी सांभाळत दोन वर्षांत एन३ केली. अट असती तर आलेच नसते. पुण्यात गल्लोगल्ली क्लास आहेत हो, पण गडचिरोलीच्या मुलीने कुठे जायचं? परीक्षा वर्षातून दोनदाच, तीही मोजक्या शहरांत. बरं, जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, नुसते पर्याय निवडायचे. एन२ झालेले लोक फोन वाजला की इकडेतिकडे बघतात, मी रोज बघते. त्यापेक्षा हायली स्किल्ड, म्हणजे उच्च कौशल्यवाल्यांच्या व्हिसाच्या पॉइंटमधे आहे तसं करा ना, त्यासाठी लागणाऱ्या ७० पॉइंटपैकी एन१ ला १५, एन२ ला १० मिळतात. शिकेल त्याला फायदा, न शिकणाऱ्याला दार बंद नाही.

सेन्सेई_कोथरूड: वीस वर्षं शिकवतेय, माझं मत मुक्ताच्या बाजूने. सक्ती आली की मुलं फक्त जुने पेपर सोडवतात, तोंड उघडतच नाहीत.

नागोयाकर: बोलण्याचं पटलं, परीक्षा बदला मग. पण अट हवीच. त्या बगसाठी क्लायंटकडे माफी मागायला आमचे जपानी मॅनेजर गेले, आम्ही तिघं मागे उभे. ते काय बोलले हे आम्हाला कळेपर्यंत त्यांचं वाकून झालं होतं. चूक आमची आणि मान त्यांची खाली, मला अजून झोंबतं ते.

मुक्ता_ठाणे: झोंबणारच दादा. पण मग कंपनीनेच शिकवावं की, पहिलं वर्षभर, ऑफिसच्या वेळेत. रात्री दहाला घरी पोचून कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) कोण गिरवणार?

नागोयाकर: ऑफिसच्या वेळेत शिकवणार असतील तर मी एक वर्षाची मुदत द्यायला तयार आहे. त्यापुढे नाही.