दहावीनंतर अमेरिकेत शाळा: कोणी मूल पाठवलंय का?

मुलुंडची आई
नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, मुलगी एसएससी बोर्डातून यंदा दहावीला. गेल्या रविवारी दादरला एका हॉटेलात परदेशी शिक्षणाचा मेळावा होता. मैत्रिणीबरोबर गेली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिथल्या एका एजंटने सांगितलं की अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलात अकरावी-बारावी दोन्ही करता येतात, राहायचं अमेरिकन कुटुंबात, पुढे कॉलेजही तिथेच. आकडा अठरा लाखांचा, "सगळं धरून". महिनाअखेरपर्यंत पंचवीस हजार भरले तर जागा राखून ठेवणार म्हणे.

नवरा म्हणतो, फसवाफसवी आहे. सासूबाई म्हणतात, सोळा वर्षांची पोर परक्याच्या घरी ठेवायची कशी. मुलीला मेडिकललाही जायचंय (हे दर दोन महिन्यांनी बदलतं). हे असं खरंच असतं का? आणि कोणी गेलंय का?

घाटकोपरचे काका
मेडिकलचा विचार एक टक्का जरी असला तरी बारावी महाराष्ट्राबाहेर करू नका. इथल्या सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. माझ्या पुतण्याने बारावी बाहेरच्या राज्यात केली, मार्क असूनही हात चोळत बसला. अमेरिका तर लांबच राहिली.

गिरगावकरीण
ताई, मी गेले होते. २०१३ च्या मार्चमध्ये दहावी दिली, ऑगस्टमध्ये विमानात. चाळीतून उठून थेट मिनेसोटातल्या एका गावात, जिथे आमच्या चाळीपेक्षा थोडीच जास्त माणसं असतील.

आधी त्या एजंटचं. शाळेसाठी अमेरिकेचे दोन वेगळे व्हिसा असतात आणि ही मंडळी दोघांची भेळ करतात. जे-१ म्हणजे एक्सचेंज. वय १५ ते साडेअठरा, जास्तीत जास्त एक शैक्षणिक वर्ष, यजमान कुटुंब हौसेने ठेवून घेतं, त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत. गाव तुम्ही निवडायचं नाही, मिळेल ते. एफ-१ म्हणजे स्वतः फी भरून. त्यात सरकारी हायस्कुलात एकूण बारा महिन्यांपेक्षा जास्त शिकताच येत नाही, तेही शाळेचा पूर्ण खर्च भरून. दोन वर्षं हवी असतील तर खासगी शाळा. तिची फी, राहणं, विमा, विमान हे सगळं अठरा लाखांत बसवून दाखव म्हणावं. एकच विचारा त्याला: व्हिसा कुठला?

मी जे-१ वर होते. बीकेसीला अमेरिकन वकिलातीत व्हिसाची मुलाखत होती, आत मोबाइल चालत नाही, म्हणून बाबा दोघांचे फोन घेऊन बाहेर उन्हात दोन तास उभे. आत मला तीन प्रश्न विचारले. त्यातला एक, "स्वयंपाक येतो का?"

शाळेचं म्हणाल तर मला सगळ्यात आधी आठवते ती लाकडी फळी. गणिताच्या तासाला बाथरूमला जायचं तर सरांच्या टेबलावरची हातभर फळी उचलायची, तिच्यावर मार्करने खोलीचा नंबर लिहिलेला, आणि ती हातात धरून कॉरिडॉरमधून चालायचं. फळीशिवाय दिसलात की "कुठे निघालीस?" मला इतकी लाज वाटायची की पहिला महिनाभर मी शाळेत पाणीच पीत नव्हते. आपल्याकडे आपण बाकावर बसतो आणि बाई येतात. तिथे दर तासाला पोरंच वर्ग बदलतात, मध्ये चार मिनिटं. पहिला आठवडा मी नुसती चुकत फिरले.

थंडी तर विचारूच नका. ६ जानेवारी २०१४ ला गव्हर्नरने थंडीपायी राज्यभरच्या सरकारी शाळा बंद ठेवल्या. आईला फोनवर सांगितलं, शाळा बंद आहे. ती म्हणाली, "पाणी भरलंय का गं?"

सासूबाईंच्या शंकेबद्दल. पहिल्या घरात माझं जमलं नाही. माणसं वाईट नव्हती, पण सगळे आपापलं ताट घेऊन आपापल्या खोलीत. दिवसभरात माझ्याशी बोलायचा तो कुत्राच, तोही भुंकून. एक्सचेंजवाल्या संस्थेच्या कोऑर्डिनेटर बाई दर महिन्याला चौकशी करायच्या आणि मी दर वेळी "छान चाललंय" म्हणायचे, कारण पाहुण्याने तक्रार करायची नसते हे डोक्यात पक्कं. शेवटी नोव्हेंबरात रडत सांगितलं आणि दहा दिवसांत घर बदललं. मुलीला पाठवलंत तर एवढं मात्र घोकून घ्या: जमलं नाही तर पहिल्याच महिन्यात तोंड उघडायचं.

आता परतीचं, जे मेळाव्यात कोणी सांगत नाही. २०१४ च्या जूनमध्ये आले आणि अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसले. शंभराच्या स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं की माझ्या शिक्षणात एक वर्षाचा खंड पडला. तिथली मार्कशीट हातात, आणि कागदावर काय, तर खंड! मैत्रिणी बारावीला, मी अकरावीत, वर त्रिकोणमिती साफ विसरलेली. मामा अजून म्हणतो, वर्ष वाया गेलं. मार्कांच्या हिशेबाने त्याचं बरोबर आहे. काकांनी सांगितलेली अडचण मात्र यात येत नाही, कारण अकरावी-बारावी इथेच होते.

तेव्हा वर्ष गेलं तरी चालेल असं घरात सगळ्यांना मनापासून वाटत असेल, तरच. एएफएस (अशी एक्सचेंज चालवणारी संस्था) किंवा रोटरीच्या युथ एक्सचेंजकडे चौकशी करा. रोटरीसाठी आईवडील सभासद असायलाच हवेत असं नाही. आणि ते पंचवीस हजार भरू नका!

ठाण्याचा मास्तर
दोन वर्षंच हवी असतील तर युनायटेड वर्ल्ड कॉलेज बघा. पहिलं १९६२ मध्ये वेल्समध्ये निघालं, आता अनेक देशांत आहेत. भारतातली मुलं राष्ट्रीय समिती निवडते, शिष्यवृत्ती घरच्या परिस्थितीप्रमाणे. शिकवतात आयबी डिप्लोमा, म्हणजे अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. परत येऊन इथल्या विद्यापीठात जायचं तर भारतीय विद्यापीठ संघाच्या समकक्षतेचं (तो बारावीच्या बरोबरीचा धरतात का, याचं) आधी विचारून ठेवा. गंमत म्हणजे त्यांचं एक कॉलेज १९९७ पासून आपल्या मुळशीजवळ आहे. जगभरची पोरं तिथे येतात आणि आपण दादरच्या हॉटेलात अमेरिका शोधतोय.

मुलुंडची आई
सगळ्यांचे आभार. एजंटला फोन करून विचारलं, व्हिसा कुठला? म्हणाला, "मॅडम, ते आमचं ऑफिस बघतं, विचारून सांगतो." आज चौथा दिवस, फोन नाही. पैसे भरलेले नाहीत.

मुलीला हे सगळं वाचायला दिलं. वर्ष जाण्याचं तिला काहीच वाटलं नाही, फळीवर मात्र अडून बसलीये. गिरगावकरीण, तिने विचारायला सांगितलंय: मुलांनाही तीच फळी असते का?

गिरगावकरीण
तीच. आणि धुतलेली मी कधी पाहिली नाही.